दोन वेगळी विमान तिकिटं जोडून प्रवास: भाड्याचे नियम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून मुंबई-दिल्लीपर्यंत एक तिकीट आणि तिथून परदेशासाठी दुसरं, असा प्रवास आखणारे पुष्कळ आहेत. वाचलेले पैसे कधी खरोखर वाचतात, तर कधी मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच संपतात. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. माझ्याकडे एकच तिकीट आहे की दोन, हे ओळखायचं कसं?

पीएनआर बघू नका, तिकीट क्रमांक बघा. ई-तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतार एअरवेजचे १५७, लुफ्तान्साचे २२०. तुमचे सगळे टप्पे एकाच तेरा आकडी क्रमांकाखाली असतील तर तो एक करार आहे. टप्प्यागणिक क्रमांक वेगळा असेल तर करारही वेगळे (याला एक अपवाद आहे, प्रश्न १५ पाहा).

पीएनआरने दोन्ही बाजूंनी फसगत होते. एजंट दोन वेगळी तिकिटं एकाच पीएनआरमध्ये बसवू शकतो, आणि प्रवाशाला वाटतं की सगळं एकसंध आहे. याउलट दोन कंपन्यांच्या विमानांचं एकच तिकीट असलं तरी प्रत्येक कंपनीच्या प्रणालीत पीएनआर निराळा दिसतो. बऱ्याच लो-कॉस्ट कंपन्या तेरा आकडी क्रमांक छापतच नाहीत. तिथे एक आरक्षण म्हणजे एक करार असं धरून चाला.

बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘सेल्फ ट्रान्सफर’ किंवा ‘वेगळी तिकिटं’ अशी बारीक अक्षरातली ओळ दिसली तर तिचा अर्थ एवढाच, की मधला दुवा सांभाळण्याची जबाबदारी तुमची आहे.

२. भाड्याचे नियम कुठे सापडतात आणि त्यात नेमकं काय वाचायचं?

पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर ‘फेअर रूल्स’ असा दुवा असतो. तिकीट एजंटकडून घेत असाल तर त्याच्याकडे नियमांचा पूर्ण मजकूर मागा, ‘रिफंडेबल आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका. प्रत्येक भाड्याला फेअर बेसिस नावाचा अक्षर-आकड्यांचा संकेत असतो, आणि नियम त्या संकेताला चिकटलेले असतात. शेजारच्या आसनावरच्या प्रवाशाचं विमान तेच असलं तरी त्याचे नियम निराळे असू शकतात, ते यामुळेच.

जगभरातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची भाडी एटीपीको या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात आणि त्यात नियमांचे क्रमांक ठरलेले आहेत. वेगळी तिकिटं जोडणाऱ्याने यातले सहा तरी वाचावेत. ६ म्हणजे किमान मुक्काम, ७ म्हणजे कमाल मुक्काम, ८ स्टॉपओव्हर (वाटेत थांबणं), ९ विमान बदलण्याची मुभा, १० हे भाडं दुसऱ्या कुठल्या भाड्याशी एकाच तिकिटात जोडता येतं ते, आणि १६ बदल, रद्द व नो-शोचा (वेळेवर न येण्याचा) दंड. सोळाव्यात ‘उड्डाणापूर्वी’ आणि ‘उड्डाणानंतर’ असे दोन वेगळे दर असतात. त्यांचं महत्त्व प्रश्न ५ मध्ये येईल.

३. नागपूर–मुंबई–न्यूयॉर्क एकत्र घेतलं तर महाग आणि तोडून घेतलं तर स्वस्त, असं का होतं? तोडूनच घ्यावं का?

थेट भाडं ही टप्प्यांची बेरीज नसते. ‘नागपूर ते न्यूयॉर्क’ ही स्वतंत्र बाजारपेठ धरून कंपनी तिथल्या मागणीनुसार आणि स्पर्धेनुसार दर लावते. मुंबई–न्यूयॉर्कवर स्पर्धा जास्त असल्याने तिथला दर खाली येऊ शकतो आणि नागपूरकराला तो मिळत नाही. उलटही घडतं. दोन टप्प्यांची सुटी बेरीज थेट भाड्यापेक्षा जास्त निघते आणि लोक न बघताच तोडून घेतात. शिवाय स्वस्त वर्गातल्या जागा काही वेळा कंपनी जोडीनेच उघडते. सुटा टप्पा शोधला की तीच जागा दिसत नाही.

हिशेबासाठी काही आकडे धरू, सगळे एकेरी प्रवासाचे. एकसंध तिकीट ₹८६,०००. तोडून: मुंबई–न्यूयॉर्क ₹७२,००० आणि नागपूर–मुंबई ₹५,५००, म्हणजे ₹७७,५००. वरवर ₹८,५०० वाचले. आता सामान बघा. अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर सहसा १५ किलो. उरलेल्या ३१ किलोंना किलोमागे ₹५५० धरले तर ₹१७,०५० होतात. वाचलेले साडेआठ हजार गेले आणि वर तेवढेच खिशातून पडले. हाच प्रवासी एक छोटी बॅग घेऊन जाणार असता तर तोडून घेणं फायद्याचं होतं. भाडं तेच, निर्णय उलटा, आणि तो फिरवला सामानाने. म्हणून वजन आधी ठरवा, मग दर बघा.

४. दोन तिकिटांमध्ये किती वेळ ठेवावा? संकेतस्थळावर ‘किमान जोडवेळ ९० मिनिटं’ असं लिहिलंय, ते पुरेल ना?

नाही. तो किमान जोडवेळ एकाच तिकिटावरच्या प्रवाशासाठी असतो. त्याची बॅग आतल्या आत पुढे जाते, बोर्डिंग पास हातात असतो आणि चुकलंच तर पुढची सोय कंपनी करते. तुमच्याबाबतीत यातलं काहीच होत नाही.

मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरून टर्मिनल २ वरून परदेशी जायचं असेल तर बेरीज अशी: विमानातून उतरून पट्ट्यावरून बॅग उचलेपर्यंत ४५ मिनिटं, टी१ वरून सहारला टी२ पर्यंत रस्त्याने गर्दीत ६० मिनिटं, दारावर सीआयएसएफची तिकीट-ओळखपत्र तपासणी आणि काउंटरची रांग ३० मिनिटं, आणि काउंटर उड्डाणाच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो. झाले साडेतीन तास, आणि यात पहिल्या विमानाचा उशीर शून्य धरला आहे. दीड तासाचा उशीर सहज होतो, म्हणून पाच तास. सामान हलकं असेल तर भुयारी मेट्रो ३ वर टी१ आणि टी२ अशी दोन्ही स्थानकं आहेत. रस्त्यावरच्या कोंडीपेक्षा तो मार्ग खात्रीचा.

दोन्ही विमानं टी२ वरचीच असतील तर चार तासांत भागतं. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू आहेत. तिथे उतरून सहार गाठायचं असेल तर सुमारे ४० किलोमीटर आहेत, तेव्हा सात तासांच्या आत बेत आखू नका. शोध घेताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळ एकाच यादीत येऊ शकतात, तिथे चूक होते. गोव्यात मोपा आणि दाबोळी यांचंही तसंच, मध्ये रस्त्याने दीड-दोन तास जातात. दिल्लीत टी२ आणि टी३ शेजारी आहेत, टी१ मात्र वेगळ्या बाजूला.

ऋतूही धरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या दिल्लीला धुकं आणि जून ते सप्टेंबर मुंबईला पाऊस. दुसरं तिकीट मोठ्या रकमेचं असेल आणि त्या मार्गावर दिवसाला एकच उड्डाण असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा. हॉटेलची एक रात्र नव्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडते.

५. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं. पैसे कोण देणार?

दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी, म्हणजे नो-शो. पहिल्या कंपनीने तुम्हाला तिकिटावरच्या ठिकाणी पोहोचवलं, तिचं काम संपलं. विमान रद्द झाल्यास द्यायच्या भरपाईच्या डीजीसीएच्या (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) नियमांतही चुकलेलं जोड-विमान धरलं जातं ते ‘त्याच तिकीट क्रमांकावर’ असेल तरच.

तरीही हात बांधून बसायचं कारण नाही. हे क्रमाने करा:

पहिलं विमान निघण्याआधीच उशीर स्पष्ट झाला असेल तर तिथूनच दुसऱ्या कंपनीला फोन करा किंवा ॲपमधून तारीख बदला. ‘उड्डाणापूर्वी’ बदलाचा दंड आणि नो-शोचा दंड यांत मोठा फरक असतो. काही भाड्यांत उड्डाणापूर्वी बदल चालतो आणि उड्डाणानंतर तिकीट पूर्ण बाद होतं. काही कंपन्यांत विमान सुटायला दहा मिनिटं उरली असली तरी ती दहा मिनिटं तुमच्या कामाची असतात.

मग पहिल्या कंपनीच्या काउंटरवरून उशिराचा किंवा रद्द झाल्याचा लेखी दाखला घ्या. विम्याच्या दाव्याला तो लागतो (प्रश्न १७).

दुसरं तिकीट पूर्ण वाया गेलं तरी शासकीय कर आणि विमानतळ शुल्कं परत मागा. विना-परतावा भाड्यावर आणि नो-शो झाल्यावरही ती परत देणं डीजीसीएच्या नियमानुसार बंधनकारक आहे. लोक मागतच नाहीत, म्हणून ती राहून जातात.

पहिलं विमान सहा तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल तर त्या कंपनीने पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यायला हवा. पण तो तिच्या स्वतःच्या तिकिटाचा.

६. दोन्ही विमानं एकाच कंपनीची आहेत, फक्त तिकिटं वेगळी. मग तरी सांभाळून घेतील ना?

घेतीलही, पण ती मेहेरबानी असेल, हक्क नव्हे. दोन तिकिटांवर एकाच कंपनीचं नाव असल्याने करार एक होत नाही. कॉल सेंटरला सांगून दोन्ही आरक्षणांत एकमेकांच्या पीएनआरची टिप्पणी टाकून घेता येते. त्यामुळे उशिराच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला तुमचा पुढचा प्रवास दिसतो आणि मदत करणं सोपं जातं. टिप्पणीने तिकिटं मात्र जोडली जात नाहीत. एकाच आघाडीतल्या दोन कंपन्या असल्या, उदाहरणार्थ दोघी स्टार अलायन्सच्या, तरी हेच.

७. सामान थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टॅग होईल का?

वेगळ्या तिकिटांवर ‘नाही’ असंच गृहीत धरा. दोन कंपन्यांत इंटरलाइन करार (एकमेकींचे प्रवासी आणि सामान पुढे नेण्याचा) असला तरी बऱ्याच कंपन्यांनी वेगळ्या तिकिटांवरचं सामान पुढे पाठवणं बंद केलं आहे. वनवर्ल्ड आघाडीने २०१६ मध्ये सदस्य कंपन्यांवरचं तसं बंधन काढून टाकलं. लो-कॉस्ट कंपन्यांकडे बहुधा इंटरलाइन नसतंच.

काउंटरवरच्या माणसाने दिलंच करून तर बॅगेच्या पट्टीवरचा तीन अक्षरी विमानतळ संकेत स्वतः वाचा. बॅग हरवली तर दावा कोणाकडे करायचा, हाही प्रश्न उरतो. एकाच करारात पहिल्या किंवा शेवटच्या कंपनीकडे दाद मागता येते. वेगळ्या करारांत दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

दोन ठिकाणी एकसंध तिकीट असूनही बॅग हातात घ्यावी लागते. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर, आणि परदेशातून भारतात येताना बहुतेक वेळा पहिल्या भारतीय विमानतळावर, कस्टमसाठी. तिथे एकसंध तिकीटवाला बॅग लगेच ट्रान्सफरच्या पट्ट्यावर ठेवून मोकळा होतो आणि वेगळ्या तिकीटवाल्याला बाहेर पडून पुन्हा काउंटर गाठावा लागतो.

८. दोन तिकिटांवर सामानाची मर्यादा वेगळी आहे. कुठली धरायची?

प्रत्येक तिकिटावर त्याची त्याची. एकाच तिकिटावर अनेक कंपन्या असतील तर साधारणपणे प्रवासातल्या मुख्य लांब टप्प्याच्या कंपनीचा नियम पूर्ण प्रवासाला लागतो (अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या तिकिटांवर पहिल्या टप्प्याची विक्री ज्या कंपनीच्या नावाने झाली तिचा). हा फायदा तिकीट तोडलं की जातो.

काही कंपन्या पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यास देशांतर्गत टप्प्यावर जास्त वजन नेऊ देतात. त्यात दोन उड्डाणांमधल्या तासांची अट असते. कंपनीच्या संकेतस्थळावर तो नियम लेखी सापडला तर छापून जवळ ठेवा, सापडला नाही तर नाहीच असं समजा. जास्तीचं वजन घरूनच ॲपवर भरलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

हातातल्या बॅगेचंही बघा. परदेशी कंपनीची ८ किंवा १० किलोंची मुभा देशांतर्गत ७ किलोंच्या काट्यावर चालत नाही.

९. मधल्या देशात फक्त विमान बदलायचंय. व्हिसा कशाला लागेल?

विमानतळ तुम्हाला प्रवेश करणारा प्रवासी समजतो की आतल्या आत जाणारा, यावर ते ठरतं. बॅग उचलून पुन्हा चेक-इन करायचं असेल तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते ती निघण्याच्या विमानतळावर. समजा मुंबई–दुबई एका कंपनीचं आणि दुबई–तिबिलिसी दुसऱ्या कंपनीचं तिकीट आहे. मुंबईच्या काउंटरवर पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तुमचं अंतिम ठिकाण दुबई. टिमॅटिक या प्रणालीत ती भारतीय पारपत्राला दुबईचा व्हिसा लागतो का ते बघते, आणि लागतो म्हटल्यावर विमानात बसू देत नाही. जॉर्जियाचा व्हिसा दाखवून उपयोग होईलच असं नाही. फक्त हातातली बॅग असेल आणि पुढचा बोर्डिंग पास आधीच काढला असेल तर काही कंपन्या ऐकतात, काही नाहीत. आधी लेखी विचारून घ्या.

शेंगेन देशांत बॅग घेण्यासाठी बाहेर पडायचं असेल तर पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो, विमानतळ ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही. लंडनमध्ये हीथ्रोला उतरून गॅटविकहून निघायचं असेल तरी हीच गत. आतल्या आत बदलण्याचा ट्रान्झिट व्हिसा तिथे कामाचा नाही, कारण सीमा ओलांडावी लागते. अमेरिकेत आतल्या आत बदल हा प्रकारच नाही. तिकीट एक असो वा दोन, व्हिसा हवाच.

१०. तिकीट नागपूर–मुंबई–दुबई आणि परत असं आहे. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला येऊन तिथूनच दुबईच्या विमानात बसलो तर?

बसता येणार नाही. तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. नागपूर–मुंबई सोडलं की पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, आपोआप रद्द होतात. मुंबईत थांबणं आधीच ठरलं असेल तर कंपनीकडून पहिला टप्पा रीतसर काढून घ्या. भाडं नव्याने मोजलं जाईल आणि फरक भरावा लागू शकेल.

इथे वेगळ्या तिकिटांची बाजू वरचढ आहे. देशांतर्गत तिकीट निराळं असेल तर ते वाया गेल्याने दुबईचं तिकीट अबाधित राहतं. घरी लग्नकार्य, परीक्षा, आजारपण असं काही असेल आणि पहिला टप्पा डळमळीत वाटत असेल तर तोडून घेणंच शहाणपणाचं.

शेवटचा टप्पा मुद्दाम सोडणाऱ्यांसाठी: बॅग शेवटच्या ठिकाणी जाईल, आणि कंपनीच्या अटींचा तो भंग आहे. परतीच्या तिकिटात जाताना असं केलं तर येण्याचे टप्पेही जातात.

११. एकाच तिकिटात दोन वेगळी भाडी जोडली, एक परतावा देणारं आणि एक न देणारं. नियम कुठला?

बहुतेक भाड्यांत लिहिलेलं असतं की जोडणी झाली तर जास्त कडक अट लागू. जाण्याचं भाडं बदलता येणारं आणि येण्याचं न बदलता येणारं असेल तर दोन्हींवर कडक दंड बसू शकतो. महाग भाडं घेऊन लवचिकता विकत घेतली असं वाटतं आणि ती स्वस्त अर्ध्या भागामुळे निघून जाते. नियम क्रमांक १० आणि १६ एकत्र वाचल्याशिवाय हे कळत नाही.

म्हणून जायची तारीख पक्की आणि यायची अनिश्चित असेल तर दोन एकेरी तिकिटं वेगळी घेण्यात अर्थ आहे. यायच्या तिकिटाची सवलत त्याची त्याच्याकडे राहते. भारतातल्या देशांतर्गत मार्गांवर भाडी बहुतेक एकेरीच असतात, त्यामुळे काही गमवावं लागत नाही. परदेशी मार्गांवर मात्र पूर्ण-सेवा कंपन्यांची दोन एकेरी भाडी एका परतीच्या भाड्यापेक्षा बरीच जास्त असू शकतात. दोन्ही बेरजा करून बघा.

१२. वेगळी तिकिटं न घेता मध्ये चार दिवस थांबता येतं का? किंवा एका शहरात उतरून दुसऱ्याहून परतता येतं का?

दोन्ही येतं, आणि फार कमी लोक करून बघतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांहून जास्त थांबणं म्हणजे स्टॉपओव्हर. भाड्याच्या आठव्या नियमात तो फुकट, सशुल्क की मनाई ते लिहिलेलं असतं. पॅरिसला उतरून रोमहून परतणं म्हणजे ओपन जॉ. संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ निवडून शोधा. मधला पॅरिस–रोम प्रवास रेल्वेने केला तरी तिकीट एकसंध राहतं.

१३. कर आणि शुल्कं दोनदा भरावी लागतात का?

हो. विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क यांतून ट्रान्झिट प्रवाशाला सूट असते, पण व्याख्या स्पष्ट आहे: पुढचं उड्डाण २४ तासांच्या आत आणि त्याच तिकिटाचा भाग. दोन वेगळी तिकिटं असतील तर तुम्ही ट्रान्झिट प्रवासी नाही. भारतात देशांतर्गत सुरक्षा शुल्क ₹२०० आहे, आंतरराष्ट्रीय १२ डॉलर. विमानतळ वापर शुल्क विमानतळागणिक बदलतं. अंतिम पानावरच्या रकमेत हे आलेलं असतं, म्हणून तुलना मूळ भाड्याची नको, एकूण रकमेची करा.

१४. कंपनीने महिनाभर आधी वेळ बदलली आणि माझा दुवाच तुटला. दुसरं तिकीट फुकट बदलून मिळेल?

ज्या कंपनीने वेळ बदलली तिच्याकडून तिच्या तिकिटावर फुकट बदल किंवा परतावा मागा, तो बहुधा मिळतो. दुसऱ्या कंपनीने काहीच बदललेलं नाही, तिच्याकडे नेहमीचा दंड. त्यामुळे हालवायचं ते पहिलं तिकीट: त्याच कंपनीचं आधीचं उड्डाण मागा. ईमेलमधल्या ‘मान्य आहे’ बटणावर घाईने बोट ठेवू नका. एकदा मान्य केलं की फुकट बदलाचा हक्क जाऊ शकतो.

खरेदीचा क्रमही यासाठीच महत्त्वाचा. महाग आणि कमी उड्डाणं असलेलं लांबचं तिकीट आधी, मग त्याला धरून स्वस्त देशांतर्गत.

१५. दोन तिकीट क्रमांक आहेत, पण एजंट म्हणतो एकच करार आहे. खरं असू शकतं?

असू शकतं. एका ई-तिकिटात चारच कूपन, म्हणजे चारच टप्पे, बसतात. कोल्हापूर–मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो आणि परत, असे सहा टप्पे असले की प्रणाली लागोपाठच्या क्रमांकांची दोन तिकिटं काढते, उदाहरणार्थ शेवट ४१ आणि ४२. त्यांना संयुक्त तिकिटं म्हणतात आणि करार एकच असतो. खूण अशी: क्रमांक सलग, देणारी कंपनी एकच, खरेदीची वेळ एकच आणि भाड्याची मोजणी एकत्र. क्रमांक सलग नसतील तर एजंटकडून लेखी घ्या.

विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारातही, ज्यात भारत २००९ पासून आहे, अनेक करारांच्या मालिकेने झालेला प्रवास ‘एकच’ धरता येतो, पण दोन्ही पक्षांनी तो तसा मानला असेल तरच. तुम्ही स्वतः दोन संकेतस्थळांवर घेतलेल्या तिकिटांबाबत कंपनीने तसं मानलं हे सिद्ध करणं फार अवघड आहे. त्या आशेवर बेत आखू नका.

१६. युरोपहून परतताना विमान उशिरा आलं तर ६०० युरो मिळतात म्हणे. वेगळ्या तिकिटांवरही?

युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार अंतिम ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, कारण कंपनीच्या हातातलं असलं आणि अंतर ३,५०० किलोमीटरहून जास्त असलं तर ६०० युरोपर्यंत. युरोपीय संघातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागतो, तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय संघातली असावी लागते. ‘अंतिम ठिकाण’ म्हणजे त्याच आरक्षणातलं शेवटचं ठिकाण. फ्रँकफर्ट–मुंबई–नागपूर एका आरक्षणात असेल आणि फ्रँकफर्टहून दोन तास उशीर झाल्याने नागपूरला आठ तास उशिरा पोहोचलात, तर दावा उभा राहतो. तेच तोडून घेतलं असेल तर मुंबईचे दोन तासच मोजले जातात आणि हातात काही येत नाही.

१७. संकेतस्थळाची ‘कनेक्शन गॅरंटी’ किंवा प्रवास विमा घेतला की झालं ना?

दोन्ही वाचून घ्या, नाव बघून नको. गॅरंटी ही विमान कंपनीची नसते, विक्रेत्याची असते. ठरलेल्या वेळेत त्यांना कळवलं नाही किंवा तुम्ही स्वतःच दुसरं तिकीट काढलं, तर पैसे मिळत नाहीत. व्हिसा नसल्याने अडकलात तर ती लागू होत नाही.

विम्यात ‘मिस्ड कनेक्शन’ हे कलम शोधा आणि तीन गोष्टी तपासा: वेगळ्या तिकिटांना संरक्षण आहे का, दोन उड्डाणांत किमान किती तास ठेवायला सांगितलेत, आणि पहिल्या विमानाचा उशीर किती तासांहून जास्त असायला हवा. अनेक पॉलिसी भारताबाहेर पडल्यावरच सुरू होतात, म्हणजे नागपूर–मुंबईतला उशीर त्यात येतच नाही.

१८. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला येत आहेत. पुणे–दिल्ली वेगळं घेतलं तर बरेच पैसे वाचतात. घेऊ का?

त्यांच्यासाठी घेऊ नका. ज्येष्ठ प्रवासी व्हीलचेअरची मदत घेतात आणि ती मदतही तिकिटाच्या हद्दीतच चालते. एकसंध तिकिटावर दिल्लीत मदतनीस त्यांना थेट पुढच्या दारापर्यंत नेतो. वेगळ्या तिकिटांवर पहिल्या कंपनीचा माणूस त्यांना बाहेरच्या दाराशी सोडतो, चार बॅगांसकट. तिथून पुढचा काउंटर शोधणं, पुन्हा तपासणी, पुन्हा व्हीलचेअरची विनंती, हे सगळं अनोळखी विमानतळावर त्यांनाच करावं लागतं. विमान चुकलं तर फोनवर इंग्रजीतून दंडाची घासाघीसही.

तरीही वेगळंच घ्यावं लागलं, तर व्हीलचेअर दोन्ही आरक्षणांत स्वतंत्रपणे नोंदवा आणि उड्डाणाच्या ४८ तास आधी फोन करून खात्री करा. दिल्लीत आदल्या दिवशी पोहोचवा आणि कुणा नातेवाइकाला विमानतळाच्या बाहेर उभं राहायला सांगा. दोन्ही तिकिटांच्या छापील प्रती वेगवेगळ्या पाकिटांत घाला. पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: कुठलं आधी दाखवायचं, कुठलं नंतर, काउंटर किती वाजता बंद होतो आणि अडलं तर फोन कुणाला करायचा.